अमिट आणि तात्पुरते : उष्णतेने छापलेल्या लेबलाचा इतिहास

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व बाजूचे दोन शेजारी तालुके. घोड आणि भीमा या नद्या असल्या तरी पाऊस बेताचाच. एकीकडे रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, दुसरीकडे ऊस, गुऱ्हाळे, ज्वारी आणि बाजरी. या भागातल्या कित्येक घरांत आता स्वयंपाकघराला लागूनच एक छोटासा धंदा चालतो. कुणी शेंगदाण्याची चटणी करते, कुणी काळा मसाला, कुणी गुळाची पावडर, कुणी कुरडया आणि सांडगे. पूर्वी हा माल ओळखीच्या घरी जाई आणि पुडीवर काही लिहावे लागत नसे. आता तो कुरिअरने किंवा टपालाने शेकडो किलोमीटर दूर जातो. घेणारा अनोळखी असतो. आत काय आहे, कोणी केले, कधी केले, कधीपर्यंत खावे, हे सगळे त्याला पुडीवरच्या लेबलाने सांगावे लागते.

धंदा थोडा वाढला की घरात प्रश्न निघतो : लेबल छापायचा थर्मल प्रिंटर घ्यावा म्हणतो, कोणता घ्यावा? आणि गावात असा प्रश्न निघाला की तो बहुधा शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे येतो. विक्रेता किंमत सांगतो, वेग सांगतो, मोबाइलवरून चालतो की नाही ते सांगतो. छापलेले अक्षर किती दिवस टिकेल, हे मात्र तो क्वचितच सांगतो. खरी अडचण तिथेच येते. चटणीच्या पाकिटावरची तारीख महिना-दोन महिन्यांत फिकट होते, पुढे दिसेनाशी होते. दुकानदार माल परत करतो आणि चटणी उत्तम असूनही तोटा घरच्या बाईच्या माथी बसतो. प्रिंटर बिघडलेला नसतो. ज्या कामासाठी तो मुळात शोधला गेला, ते काम त्याने चोख केलेले असते. ते काम कोणते होते, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

सुरुवात काजळीपासून करू. आपल्या जुन्या पोथ्या ज्या शाईने लिहिल्या, तिच्यातला काळा रंग दिव्याच्या काजळीचा, म्हणजे कार्बनचा. कार्बन ऊन खातो, दमट हवा खातो, आम्लाला आणि अल्कलीला दाद देत नाही. त्याचा काळेपणा कोणत्याही नाजूक रेणूच्या रचनेवर अवलंबून नसतो, म्हणून तो सहजासहजी जात नाही. खिळे जुळवून छापण्याची कला आली तेव्हाही छपाईच्या शाईत तीच काजळी तेलात घोटलेली होती.

या कलेचा एक मोठा अध्याय दौंड तालुक्यातच घडला, हे येथील विद्यार्थ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, दुष्काळाच्या काळात, केडगावला आपली संस्था वसवली. तेथे छापखाना होता आणि त्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे संस्थेतल्या स्त्रिया करीत. देवनागरीचे खिळे जुळवणे म्हणजे काही सव्वीस अक्षरांचा खेळ नव्हे. मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून खणांच्या पेटीत शेकड्यांनी निरनिराळे खिळे असत. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच स्त्रियांच्या हातून छापले गेले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्यावरची काळी अक्षरे कार्बनची आहेत. बाईमाणसाने घराजवळ बसून छापावे, ही गोष्ट या तालुक्याला नवी नाही एवढे यावरून म्हणता येईल.

दौंडशी जोडलेली आणखी एक वस्तू लक्षात ठेवावी, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे : रेल्वेचे पुठ्ठ्याचे जुने तिकीट. टॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली. तिकिटावरचा न बदलणारा मजकूर, म्हणजे स्टेशनांची नावे, वर्ग, भाडे आणि अनुक्रमांक, आधीच छापून ठेवायचा. रोज बदलणारी तारीख तेवढी तिकीट देताना एका छोट्या यंत्रात दाबून उठवायची. दौंडसारख्या जंक्शनच्या खिडकीवर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अशी तिकिटे मिळत. ती ‘खट्’ असा आवाज करणारी यंत्रे वयस्क वाचकांना आठवत असतील.

आता उष्णतेकडे वळू. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात थंडीच्या दिवसांत सर्वत्र बर्फ असतो. तेथे शिकत असलेल्या कार्ल मिलर या तरुण शास्त्रज्ञाने पाहिले, की बर्फावर पडलेले वाळके पान उन्हात हळूहळू खाली रुतते. गडद पान सूर्याची उष्णता शोषते, पांढरा बर्फ ती परतवतो, म्हणून पानाखालचा तेवढाच बर्फ वितळतो. यावरून त्याला छापील मजकुराची नक्कल काढण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. काळ्या अक्षरांवर अवरक्त किरण टाकले तर अक्षरे तेवढी तापतील. त्यांना चिकटून उष्णतेने काळा पडणारा कागद ठेवला तर त्यावर अक्षरे उमटतील. मिलर पुढे थ्री-एम या कंपनीत होता आणि १९५० मध्ये कंपनीने ‘थर्मोफॅक्स’ हे नक्कलयंत्र बाजारात आणले. द्रवरूप रसायने नाहीत, अंधारी खोली नाही, काही सेकंदांत नक्कल हातात. अमेरिकेतल्या शाळांनी ते पुष्कळ वापरले.

त्याचे दोष मात्र बोलके होते. कार्बनची शाई अवरक्त किरण शोषते; साध्या रंगाची शाई बहुधा शोषत नाही. त्यामुळे छापलेला मजकूर उमटे आणि निळ्या शाईतली सही गायब होई. शिवाय उष्णतेने एकदा काळा पडणारा कागद पुढेही उष्णतेला संवेदनशीलच राहतो. नकला काही वर्षांत तपकिरी आणि ठिसूळ होत. टिकाऊ दस्तऐवजासाठी हा कागद नव्हताच. आज उद्याला लागेल तेवढे वाचून घ्यायचे, असा त्याचा स्वभाव. १९५९ मध्ये झेरॉक्सचे साध्या कागदावर छापणारे यंत्र आले आणि थर्मोफॅक्सचा जमाना ओसरू लागला. झेरॉक्सच्या भुकटीतला काळा रंग कशाचा, तर पुन्हा कार्बनचाच.

आज आपण ज्याला थर्मल कागद म्हणतो, त्याची रसायनविद्या दुसऱ्या कंपनीतून आली. ओहायो राज्यातील नॅशनल कॅश रजिस्टर ही दुकानातले गल्ल्याचे यंत्र बनवणारी कंपनी. पावतीची प्रत काढताना कार्बन पेपरने हात काळे होतात, ते टाळावे म्हणून तिने १९५४ मध्ये कार्बनविना प्रत काढणारा कागद आणला. त्यात क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन नावाचा रंगहीन पदार्थ सूक्ष्म कुप्यांत भरलेला असे. पेनाच्या दाबाने कुप्या फुटत, पदार्थ खालच्या कागदावरच्या आम्लधर्मी मातीला भेटे आणि निळा होई. जखमेवर लावायचे जांभळे औषध, जेन्शियन व्हायोलेट, हे याच कुळातले.

हा रंगबदल वर्गात समजावून देणे अवघड नाही, कारण त्याचा भाऊबंद प्रत्येक प्रयोगशाळेत असतो : फिनॉल्फ्थॅलीन. फिनॉल्फ्थॅलीनच्या रेणूत लॅक्टोनचे एक वलय असते. ते बंद असते तेव्हा मधल्या कार्बन अणूपाशी रेणूची एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी तुटलेली असते. असा रेणू दृश्य प्रकाश शोषू शकत नाही, म्हणून तो रंगहीन दिसतो. अल्कलीत वलय उघडते, साखळी सलग होते आणि गुलाबी रंग येतो. थर्मल कागदावरच्या रंगद्रव्यात असेच वलय असते, फक्त ते आम्लाच्या सहवासात उघडते. कागदावर हे रंगद्रव्य आणि एक सौम्य आम्लधर्मी पदार्थ यांचे बारीक कण शेजारी शेजारी, पण वेगळे, बसवलेले असतात. साधारण ७० ते १०० अंश सेल्सिअसला थर वितळतो, दोघांची भेट होते, वलय उघडते आणि काळा रंग येतो. आज काळ्या रंगासाठी बहुतेक फ्लुओरान गटातली रंगद्रव्ये वापरतात, पण तत्त्व तेच.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग आम्ल घातल्यावर जातो, तसा हा काळा रंगही परत जाऊ शकतो. तेल, मऊ प्लॅस्टिकमधून झिरपणारी रसायने किंवा सतत ऊन मिळाले की रंगद्रव्य आणि आम्लधर्मी पदार्थ यांची जोडी फुटते आणि अक्षर फिके पडते. तेथे शाई नाहीच. आहे ती रेणूंची एक अवस्था, आणि अवस्था बदलते.

कागद तयार होता. त्यावर नेमक्या जागी उष्णता टेकवणारी लेखणी हवी होती. ती दिली जॅक किल्बीने. इंटिग्रेटेड सर्किटचा, म्हणजे एकाच तुकड्यावर बसवलेल्या विद्युतमंडलाचा, हा जनक. ते काम १९५८ चे, आणि २००० साली त्याला भौतिकीचे नोबेल मिळाले ते त्याबद्दलच. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत त्याने अर्धवाहकाचे छोटे छोटे रोध असलेले मुद्रणशीर्ष तयार केले. रोधातून वीज गेली की तो तापतो, हा जूलचा नियम आपण नववी-दहावीत शिकवतोच. रोध अगदी लहान केला तर तो हजाराव्या भागाच्या सेकंदात तापतो आणि तितक्याच चटकन निवतो. १९६७ मध्ये किल्बी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हातात मावणारे गणकयंत्र बनवले, तेव्हा उत्तर दाखवायला पडदा नव्हता. अरुंद थर्मल पट्टीवर आकडे उमटत. त्यावरून घडलेले कॅननचे ‘पॉकेट्रॉनिक’ १९७० मध्ये विक्रीस आले. १९७१ मध्ये याच तत्त्वावरचे ‘सायलेंट ७००’ हे छापणारे टर्मिनल आले. नावाप्रमाणे ते शांत होते. हातोडी नाही, रिबन नाही, शाई नाही.

पुढची वीस वर्षे थर्मल कागदाने फॅक्सयंत्रात काढली. आपल्याकडे १९९० च्या दशकात कचेऱ्यांतून एक रिवाजच होता : फॅक्स आला की आधी त्याची झेरॉक्स काढायची आणि ती फायलीला लावायची. मूळ कागद वर्षभरात कोरा होतो, हे कारकुनांना अनुभवाने कळले होते. रसायन माहीत नसले तरी निदान अचूक होते. मग हा कागद एटीएमच्या चिठ्ठीत, दुकानाच्या बिलात आणि एसटीच्या कंडक्टरच्या हातातल्या यंत्रात आला. या सगळ्यांचे आयुष्य घटकाभराचे किंवा दिवसाचे. तिकीट शिरूरहून पुण्याला पोचेपर्यंत वाचता आले की झाले.

लेबलाची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. पाठीमागे गोंद असलेले आणि सोलून चिकटवता येणारे लेबल स्टँटन एव्हरीने लॉस एंजेलिसमध्ये १९३५ मध्ये बनवले. बारकोडची कल्पना जोसेफ वुडलंडची. समुद्रकिनाऱ्यावर बसून त्याने मोर्सच्या टिंब आणि रेघा वाळूत बोटांनी खाली ओढल्या आणि त्यांच्या जाड-बारीक पट्ट्या झाल्या. त्याला आणि बर्नार्ड सिल्व्हरला पेटंट मिळाले १९५२ मध्ये, पण ते वाचायला लागणारा लेसर आणि स्वस्त संगणक यायला वीस वर्षे गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायोमधील ट्रॉय गावातल्या दुकानात च्युइंगमचे पाकीट बारकोडवरून विकले गेले, ती पहिली विक्री.

आता कारखान्यांना आणि गोदामांना दर वस्तूसाठी वेगळा बारकोड हवा होता. एकच मजकूर हजारदा छापणारा छापखाना तेथे निरुपयोगी. थर्मल यंत्र झटपट छापत होते, पण त्याचे अक्षर पुसट होत होते. गोदामात दोन वर्षे पडलेल्या खोक्यावरचा बारकोड वाचता आला पाहिजे. जपानच्या सातो कंपनीने १९८१ मध्ये यावर तोड काढली. मुद्रणशीर्ष तेच ठेवले, कागद मात्र साधा घेतला आणि मध्ये मेणाचा काळा थर दिलेली रिबन घातली. उष्णतेने मेण वितळते आणि कागदावर जाऊन बसते. याला थर्मल ट्रान्सफर म्हणतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एका कंपनीनेही बारकोड लेबलांचा थर्मल प्रिंटर आणला. तीच पुढे झेब्रा या नावाने प्रसिद्ध झाली. त्या मेणातला काळा पदार्थ कोणता? काजळीच. सुमारे तीस वर्षे कार्बन टाळण्याची धडपड करून तंत्रज्ञान पुन्हा केडगावच्या छापखान्यातल्या शाईपाशी आले.

तेव्हा शिरूर-दौंडच्या घरातला प्रश्न ‘कोणता प्रिंटर’ असा नाही. एका पुडीवर दोन लेबले लागतात आणि त्यांची आयुष्ये वेगळी आहेत, तेव्हा कोणते लेबल कशाने छापायचे, असा तो आहे.

पहिले लेबल पत्त्याचे, कुरिअरचे. साधारण १०० मिलिमीटर रुंद आणि १५० लांब. त्याचे आयुष्य पाच-सात दिवस, फार तर परत आलेल्या पार्सलाचे धरून तीन आठवडे. त्याला थेट थर्मल प्रिंटर अगदी योग्य. रिबनचा खर्च नाही, शाई वाळण्याची भीती नाही. ऑनलाइन विक्रीच्या कंपन्या लेबलाची तयार फाइल देतात, ती मूळ आकारातच छापावी. कागदात बसवण्यासाठी लहान केली तर बारकोड बिघडतो. काळजी एवढीच, की एप्रिल-मेच्या उन्हात पार्सल मोटारसायकलच्या लोखंडी पेटीत किंवा बंद गाडीच्या काचेशी तासन्तास ठेवू नये. तेथे तापमान कागद करडा पडण्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊ शकते.

दुसरे लेबल मालाचे. त्यावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, किंमत, करणाऱ्याचा पत्ता, तारखा, परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. वेष्टित वस्तूंचे नियम आपल्याकडे १९७७ मध्ये आले, त्यांची जागा २०११ मध्ये नव्या नियमांनी घेतली. अन्नपदार्थांच्या लेबलांची २०२० ची वेगळी नियमावली आहे. तिच्यात मजकूर स्पष्ट, ठळक, सहज वाचता येण्याजोगा आणि अमिट असावा असे सांगितले आहे. ‘अमिट’ हा शब्द येथे मोलाचा. सहा महिने टिकणाऱ्या मसाल्यावरची तारीख तिसऱ्या महिन्यात नाहीशी झाली, तर नियम मोडलाच, शिवाय खाणाऱ्याला जुना माल ओळखण्याचे साधन उरले नाही. शेंगदाण्याच्या चटणीला तेल सुटते, लोणच्याच्या बरणीला ओघळ येतो, हाताळणाऱ्याची बोटे तेलकट असतात. थेट थर्मल कागदाचा तेल हाच मोठा शत्रू. वरून संरक्षक थर दिलेला कागद मिळतो, तो काही काळ तग धरतो. माझ्या मते अन्नाच्या लेबलासाठी तोही कामचलाऊ समजावा. मालाचे लेबल रिबनच्या प्रिंटरवरच छापावे. साध्या कागदाला मेणाची रिबन पुरते, तेलकट मालाला प्लॅस्टिकचे लेबल आणि राळेची रिबन लागते.

यात एक मौजेची अडचण आहे. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका लागतो आणि तो हिरवाच हवा. थेट थर्मल प्रिंटर फक्त काळे छापतो. येथे एडमंडसनचे तिकीट मदतीला येते. न बदलणारा मजकूर, नाव, चित्र, घटक आणि हिरवा ठिपका, हे छापखान्यातून रंगीत छापून लेबलांचा गुंडाळा करून घ्यावा. तारीख, बॅच आणि किंमत यांना जागा मोकळी ठेवावी आणि तेवढे घरी छापावे. ज्यांच्याकडे दिवसाला वीस-पंचवीस पाकिटेच होतात, त्यांनी तर प्रिंटर घेऊच नये. रबराचा तारीख-शिक्का आणि न पुसणारी शाई पुरे. शाळेत किंवा घरी लेसर प्रिंटर असला तर चिकट कागदाच्या पानांवर तोही चालतो, कारण त्याची भुकटी कार्बनची आणि वितळवून चिकटवलेली असते.

एवढे ठरल्यावर राहतो प्रश्न ठिपक्यांचा. येथे गणिताच्या शिक्षकांना चांगले उदाहरण मिळेल. बाजारात मुख्यतः दोन प्रकारची मुद्रणशीर्षे असतात, इंचाला २०३ आणि ३०० ठिपक्यांची. २०३ म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. चार इंची शीर्षाची छापण्याची रुंदी १०४ मिलिमीटर असते, म्हणजे एका ओळीत ८३२ रोध. १५० मिलिमीटर लांबीत १२०० ओळी. एका पत्त्याच्या लेबलासाठी यंत्र सुमारे दहा लाख ठिपक्यांबाबत ‘तापव’ की ‘राहू दे’ हे ठरवते. सेकंदाला १०० मिलिमीटर वेग असला तर हे सारे दीड सेकंदात उरकते आणि एका ओळीच्या वाट्याला सव्वा मिलिसेकंद येतो.

दुकानांत चालणारा तेरा अंकी बारकोड ९५ समान पट्ट्यांत बसवलेला असतो. दोन्ही कडांची कोरी जागा धरून ११३ पट्ट्या होतात. प्रमाण आकारात एका पट्टीची रुंदी ०.३३ मिलिमीटर, आणि ती ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.२६४ पर्यंत, कमी केलेली चालते. २०३ च्या शीर्षाचा ठिपका ०.१२५ मिलिमीटर. ०.३३ ला ०.१२५ ने भागले की २.६४ येतात. पण ठिपका अर्धा तापवता येत नाही. दोन ठिपके घेतले तर ०.२५, हे किमान मर्यादेखाली. तीन घेतले तर ०.३७५, आणि पूर्ण बारकोड ४२.४ मिलिमीटर रुंद. ४० मिलिमीटरच्या छोट्या लेबलावर तो मावणारच नाही. ३०० च्या शीर्षात ठिपका ०.०८५ मिलिमीटरच्या आसपास. चार ठिपक्यांची पट्टी ०.३३९ आणि सगळा बारकोड ३८.३ मिलिमीटर. हा बसतो. बारकोड ओढून-ताणून हव्या त्या रुंदीला बसवला, तर काही पट्ट्या दोन ठिपक्यांच्या आणि काही तीनच्या होतात आणि दुकानातले यंत्र तो वाचत नाही. पत्त्याच्या लेबलाला २०३ पुरते. छोट्या बरणीला ३०० घ्यावे. जाता जाता, बारकोडच्या सुरुवातीचे ८९० हे आकडे माल भारतात तयार झाल्याची खूण मानण्याची समजूत चुकीची आहे. क्रमांक भारतातील संस्थेकडे नोंदवलेला आहे, एवढाच त्यांचा अर्थ.

देवनागरीला तर ठिपके आणखी लागतात. एक मिलिमीटर उंचीच्या अक्षराला ८ ठिपके मिळतात. रोमन अक्षर त्यात कसेबसे बसते. आपल्याला त्याच उंचीत वरची मात्रा, शिरोरेघ, अक्षर आणि खालचा उकार बसवायचा असतो. २०३ वर बारीक छापलेल्या ‘शिरूर’मधला दीर्घ ‘रू’ आणि ऱ्हस्व ‘रु’ यांत फरक राहत नाही. शिवाय या यंत्रांच्या पोटात भरलेली अक्षरे मुळात रोमन. संगणकाला देवनागरी शिकवण्याचे काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये झाले. आता संगणक किंवा मोबाइल सगळे लेबल चित्र म्हणून पाठवतो, त्यामुळे मराठी छापता येते. मात्र काही मोबाइल ॲप जोडाक्षरे मोडतात. घेण्यापूर्वी दुकानात ‘शिक्रापूर’, ‘न्हावरे’, ‘कुरकुंभ’ आणि रुपयाचे ₹ हे चिन्ह छापून पाहावे. चिन्ह २०१० मधले असल्याने जुन्या यंत्रांच्या अक्षरसंचात ते नसते. आणि कायद्याने आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत लागतो. मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी लिहिता येते.

जुना प्रिंटर स्वस्तात मिळत असेल तर एक काळाभोर पट्टा छापून घ्यावा. एखादा रोध जळालेला असला तर कागदाच्या लांबीभर बारीक पांढरी रेघ दिसते. ती बारकोडच्या एखाद्या पट्टीवरून गेली तर पट्टीच नाहीशी होते. मुद्रणशीर्षाचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात आणि धूळ ते झपाट्याने कमी करते. मिरची कांडण्याच्या खोलीत प्रिंटर ठेवू नये हे वेगळे सांगायला नको.

थर्मल कागदातला सौम्य आम्लधर्मी पदार्थ पुष्कळदा बिस्फेनॉल-ए असे. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात तो ढवळाढवळ करतो, म्हणून युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदातले त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांवर आणले. सॅनिटायझर लावलेल्या हातांनी असा कागद धरला तर तो त्वचेतून जास्त शोषला जातो, हे अमेरिकेतील २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. दिवसभर लेबले सोलणाऱ्या बाईने बिस्फेनॉलविरहित कागद मागून घ्यावा, आणि पदार्थ हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

यातले पुष्कळसे वर्गात दाखवता येते. एसटीची ताजी तिकिटे दहा-बारा जमवावीत. एकावर नखाने जोराने रेघ ओढावी. घर्षणाच्या उष्णतेने ती काळी उमटते. एक गरम चहाच्या पेल्याला लावावे. एकावर शेंगदाणा तेलाचा थेंब ठेवावा, एकावर सॅनिटायझरचा. सॅनिटायझरने कागद बहुधा काळवंडतो, कारण अल्कोहोलात रंगद्रव्य आणि आम्लधर्मी पदार्थ दोन्ही विरघळून एकमेकांना भेटतात. तेलाने अक्षर काही दिवसांत फिकट होते. एक तिकीट खिडकीत उन्हात ठेवावे, एक मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात आणि एक वहीच्या पानांत, अंधारात. दर सोमवारी सगळी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत आणि दोन महिने नोंदी कराव्यात. कोणत्या तिकिटावर काय केले ते आणि तारीख मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहावी, पेनाने लिहू नये.